नगरची प्रोटेस्टंट, वसईचा कॅथलिक: आमच्या लग्नाच्या परवानगीची हकीकत

मे २०२४ मध्ये वसईतील एका कॅथलिक चर्चमध्ये माझे लग्न झाले. मी नगरची प्रोटेस्टंट. आमची मंडळी (चर्चचा समुदाय) चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची, आणि १८३१ साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनशी आमच्या घराण्याचा संबंध पणजोबांपासूनचा. नवरा वसईचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा कॅथलिक. बाहेरच्या माणसाच्या लेखी आम्ही दोघेही ख्रिश्चन, त्यामुळे ऑफिसातील मैत्रिणींनी ‘तुमचे बरे आहे, धर्माचा प्रश्नच नाही’ असे सांगून विषय मिटवला होता. प्रत्यक्षात कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार आमचे लग्न मिश्र विवाहात मोडते, त्यासाठी बिशपांची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती मागताना श्रद्धेविषयीचे असे काही प्रश्न समोर येतात, जे कोणीही आपणहून साखरपुड्याआधी काढत नाही. ते आधी निघाले हे आमच्या पथ्यावर पडले. मला त्या वेळी मराठीत सलग लिहिलेले काही सापडले नव्हते, म्हणून घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

आमची ओळख फेब्रुवारी २०२३ मध्ये ख्रिस्ती वधूवरांच्या एका संकेतस्थळावरून झाली. तेथे नोंदणी करताना स्वतःचा पंथ लिहावा लागतो आणि समोरच्याचा कोणता पंथ चालेल, हेही सांगावे लागते. आमच्याकडील बहुतेक घरांतून तेथे ‘फक्त प्रोटेस्टंट’ अशी खूण होते, त्यामुळे वसईकडील स्थळे नजरेसच पडत नाहीत. मी दोन्ही खुणा केल्या होत्या. त्यामागे उदात्त विचार वगैरे काही नव्हता; पुण्यात नोकरी करणाऱ्या ३१ वर्षांच्या मुलीसाठी ओळखीतून येणारी स्थळे आईच्या वहीत केव्हाच संपली होती.

तो काही वर्षे आखातात नोकरी करून नुकताच मुंबईला परतला होता. पहिल्या भेटींत पगार, घर, आईवडील असे नेहमीचे बोलणे झाले. विश्वासाबद्दल बोलण्याचा मात्र दोघांनाही संकोच वाटत होता, कारण ‘प्रार्थना करता ना?’ ‘हो, करतो’ एवढ्यावर हा विषय आपल्याकडे संपतो. आम्ही तो मुद्दाम संपू दिला नाही. रविवारी चर्चला सवयीने जातोस की जाणे आवश्यक वाटते म्हणून, परदेशात एकटा असताना जात होतास का, मी दशांश (मिळकतीचा दहावा भाग) देते तो लग्नानंतर चालेल का आणि कोणत्या चर्चला जाईल, मूल झाले नाही तर काय, असे प्रश्न आम्ही एकमेकांना विचारले. त्याने मला विचारले की तुम्ही पापाची कबुली कोणापुढे देता. मी म्हटले, उपासनेत सगळे मिळून, थेट देवापुढे. फादरांच्या कानात ती देणे मला परके वाटते, हेही मी सांगितले. त्यावर त्याने वाद घातला नाही. आखातातील एका वाईट वर्षात त्या कबुलीने आपल्याला कसे सावरले, तेवढे सांगितले. मला वाटते, लग्नाच्या दृष्टीने उपयोगी माहिती ती होती. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आणि आमच्यात ६६, हा फरक आमच्या घरात आजवर एकदाही भांडणाचे कारण झालेला नाही.

जूनमध्ये मी प्रथम त्याच्या घरी गेले. संध्याकाळी सगळे घरातील अल्तारासमोर (वेदीसमोर) रोझरीला, म्हणजे माळ धरून म्हणायच्या प्रार्थनेला, बसले आणि मीही बसले. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मला हायसे वाटले, कारण ती तरी शब्दन्‌शब्द माझी होती. सगळ्यांचे ‘आमेन’ झाले तरी मी राज्य आणि गौरव सर्वकाळ देवाचे असल्याची शेवटची ओळ सवयीने म्हणत राहिले, एकटीच, बऱ्यापैकी मोठ्याने. त्याच्या आईने हसून सांगितले, ‘चालू दे बाळा, मिस्सात आम्हीही ती म्हणतो, फक्त फादरांच्या प्रार्थनेनंतर.’ मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. पुढे मारियेला, येशूच्या आईला, उद्देशून असलेली प्रार्थना आली तेव्हा मी गप्प राहिले आणि हे सर्वांच्या लक्षात आले. परतताना मी त्याला स्पष्ट सांगितले की मी रोझरीला रोज बसेन, प्रत्येक रहस्याच्या (येशूच्या आणि मारियेच्या जीवनातील प्रसंगाच्या) वेळी शुभवर्तमानातील उतारा हवा असल्यास वाचेन, पण मारियेकडे विनंती करणारे शब्द माझ्या तोंडून येणार नाहीत. त्याने ते घरी सांगितले. आजीला थोडे दिवस वाईट वाटले. ही व्यवस्था आजही तशीच चालू आहे.

दोन्ही घरांतून होकार आल्यावर ऑगस्टमध्ये आम्ही त्याच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांना भेटलो. कोणताही हॉल ठरवण्याआधी भेटलो हे महत्त्वाचे, कारण त्या पॅरिशमध्ये लग्नाची सूचना किमान तीन महिने आधी द्यावी लागते आणि मिश्र विवाह असेल तर त्याहून अधिक वेळ हाताशी ठेवावा, असे फादरांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न मला होता: बाप्तिस्मा झाला आहे का? माझ्या होकारावर त्यांनी मान डोलावली, आणि तो प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते मला नंतर कळले. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, बाप्तिस्मा झालेल्या अन्य पंथीय ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न करायला परवानगी लागते आणि ते कलम ११२४ खाली येते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी करायचे असेल तर कलम १०८६ चा अडथळा दूर करणारी सूट लागते आणि त्या सुटीशिवाय झालेले लग्न चर्चच्या दृष्टीने वैधच ठरत नाही. ज्या मंडळ्यांत मोठेपणीच बाप्तिस्मा देतात, तेथील एखाद्याचा तो राहून गेला असेल, तर ही बाब पहिल्याच भेटीत सांगावी. अर्ज वेगळा असतो.

माझ्या एका मावशीचे म्हणणे असे की एवढे सगळे करण्यापेक्षा मीच कॅथलिक व्हावे, म्हणजे कागदपत्रांचा खटाटोप वाचेल. मी ते फादरांना जसेच्या तसे विचारले. कागद वाचवण्यासाठी कोणाला कॅथलिक करून घेणे मला पटत नाही, असे त्यांनी सांगितले. तुम्हाला मनापासून वाटले तर त्याचा मार्ग वेगळा, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो लग्नाच्या तारखेशी जोडू नये. त्या उत्तरामुळे माझे वडील निम्मे निर्धास्त झाले.

नगरमध्येही सगळे सरळ नव्हते. आमच्या मंडळीतील एका ज्येष्ठांनी विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड जोडले जाऊ नये, या अर्थाचे बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील ६:१४ हे वचन माझ्या वडिलांना दाखवले. आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी वडिलांना घरी येऊन सांगितले की ते पत्र लिहिणारा पौल तेथे ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांविषयी बोलतो आहे, आणि जो मुलगा त्रैक्य देव, ख्रिस्ताचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांची कबुली आपल्याच मतांगीकाराच्या (श्रद्धेच्या ठरावीक कबुलीच्या) शब्दांत दर रविवारी देतो, त्याला हे वचन लावता येणार नाही. मात्र मला बाजूला घेऊन ते असेही म्हणाले की वचन लागू नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, आणि मुलांच्या बाबतीत काय ठरले ते मला आधी सांग.

आता तेच सांगते, कारण या सगळ्या प्रक्रियेतील गाठ येथे आहे आणि याविषयी गैरसमजही फार आहेत. ‘कॅथलिकांत लग्न केले की मुले कॅथलिकच करू असे लिहून द्यावे लागते’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक घरात ऐकायला मिळते. पूर्वीच्या, म्हणजे १९१७ च्या कायद्यात ही हमी दोन्ही पक्षांकडून घेतली जात असे आणि ज्येष्ठांच्या स्मरणात तीच राहिली आहे. पोप पौल सहावे यांनी १९७० साली काढलेल्या आज्ञापत्राने ही पद्धत बदलली. आता कलम ११२५ प्रमाणे वचन फक्त कॅथलिक पक्ष देतो: आपण आपल्या श्रद्धेपासून ढळू असे धोके दूर ठेवू, आणि सर्व मुलांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे यासाठी आपल्याला शक्य ते सर्व प्रामाणिकपणे करू. दुसऱ्या पक्षाला या वचनाची वेळेवर आणि नीट माहिती दिली जाते. त्याच्याकडून तसे वचन घेतले जात नाही. आमच्या अर्जातही त्याची सही वचनाखाली होती आणि माझी सही ‘मला याची माहिती देण्यात आली आहे’ या ओळीखाली होती.

कागदावर हा फरक स्पष्ट दिसतो, पण घरात तो तेवढ्याने सुटत नाही. वडिलांनी अर्जाची प्रत चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारले, ‘त्याने शक्य ते सर्व करायचे आणि तू काय, बघत बसायचे?’ मला उत्तर देता आले नाही. मी पाळकसाहेबांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, ‘तो जे वचन देणार आहे ते तुला मान्य नसेल तर त्याला ते देऊ नकोस असे सांग. मनात एक ठेवून सही केलीस, तर तो आयुष्यभर तुझ्याशी झगडत ते वचन पाळेल किंवा तुझ्यासाठी ते मोडेल. दोन्ही वाईट.’ त्यानंतर काही आठवडे आम्ही दुसरे काही बोललोच नाही. एकदा तर त्याने, तुला एवढे जड जात असेल तर थांबू या, असे म्हटले. ते रागाने म्हटलेले नव्हते, म्हणून अधिक लागले.

शेवटी तिढा आईने सोडवला, तोही भाजी निवडता निवडता. तिचे म्हणणे एवढेच की आपल्याकडेही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात, बाप्तिस्मा एकदाच होतो, आणि तो कॅथलिक फादरांनी दिला तरी आपली मंडळी तो पुन्हा देत नाही. मग भांडण पाण्याचे नसून पुढच्या पंधरा वर्षांचे आहे, तेव्हा त्या पंधरा वर्षांचे बोला. आम्ही तसे बोललो. मुलांचा स्नानसंस्कार आणि पहिले कम्युनियन (प्रभुभोजन) कॅथलिक चर्चमध्ये होईल; घरात रोज रात्री बायबल वाचणे आणि ते समजावून सांगणे माझ्याकडे राहील; सुट्टीत नगरला असताना मुले आमच्या संडेस्कूलला जातील; आणि आईची मंडळी चुकीची आहे असे कोणीही, आजीनेसुद्धा, मुलांना सांगणार नाही. माझ्या भावाला धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा, व्हायचे होते. फादरांकडून कळले की बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट कॅथलिक धर्ममाता किंवा धर्मपित्यासोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, धर्मपिता म्हणून नाही. भावाने ते स्वीकारले. हे सगळे आम्ही एका साध्या कागदावर लिहून ठेवले आहे. तो कोणत्याही कार्यालयात दिलेला नाही.

लग्न कोठे करायचे, हा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. कॅथलिक व्यक्तीचे लग्न कॅथलिक विधीनेच व्हावे असा नियम आहे. प्रोटेस्टंट चर्चमध्ये करायचे असल्यास बिशपांकडून त्या विधीतूनही सूट मिळवावी लागते आणि त्यासाठी गंभीर कारण द्यावे लागते. आमच्याकडे तसे कारण नव्हते. आमच्या लोकांना मात्र वसईचे लग्न झाल्यावर नगरला दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांच्या हातून पुन्हा लग्न लावायचे होते, आणि ते चालत नाही. कलम ११२७ नुसार त्याच लग्नासाठी संमती घेणारा दुसरा धार्मिक विधी आधीही करता येत नाही आणि नंतरही नाही, तसेच एकाच विधीत दोन्ही धर्मगुरूंनी आपापल्या पद्धतीने वधूवरांची संमती विचारणेही मान्य नाही. पाळकसाहेब अल्तारावर फादरांशेजारी बसू शकतात, वाचन करू शकतात, प्रार्थना आणि आशीर्वाद देऊ शकतात. ही गोष्ट लग्नपत्रिका छापण्यापूर्वी घरच्या मोठ्यांना स्वतः धर्मगुरूंकडून ऐकवावी. आपण सांगितली तर ती सासरची अट वाटते.

कागदपत्रांचे काम सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालले. त्याच्या स्नानसंस्काराचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, कारण कॅथलिक चर्चमध्ये लग्नाची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदवहीत समासात केली जाते आणि ताज्या दाखल्यावरूनच माणूस अविवाहित असल्याचे कळते. लग्न मेमध्ये असल्याने तो नोव्हेंबरच्या आधी काढू नका, असे पॅरिश ऑफिसने बजावले होते. माझा दाखला नगरहून आणला. जुन्या नोंदवहीत माझे नाव घरातील लाडक्या नावाने लिहिलेले निघाले, आधार कार्डावर वेगळे. पाळकसाहेबांनी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे पत्र मंडळीच्या शिक्क्यानिशी दिले. शिवाय बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला होता, असे वाक्य दाखल्यावर स्पष्ट हवे होते. छापील नमुन्यात ते नव्हते. दाखला परत पाठवून ते हाताने लिहून घेतले. सीएनआय म्हणजे नेमके कोणते चर्च, असाही प्रश्न ऑफिसातील नव्या कारकुनाने विचारला, तेव्हा १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन ती झाली, त्यांत अँग्लिकनही होते आणि आमचे लोकही, हे मी उभ्या उभ्या सांगितले. आपल्या चर्चचा इतिहास या कामासाठी लागेल असे वाटले नव्हते.

सर्वांत जास्त वेळ त्याच्या आखातातील वास्तव्यामुळे गेला. तेथे असताना त्याने लग्न केलेले नाही, याचे पत्र तेथील चर्चकडून आणावे लागते. ईमेलला उत्तर येईना. अखेर तेथे अजून राहणाऱ्या मित्राने प्रत्यक्ष जाऊन त्याच्या पासपोर्टची प्रत आणि इकडच्या फादरांचे पत्र दिले, तेव्हा ते नाताळच्या तोंडावर मिळाले. परदेशात काही वर्षे राहिलेल्यांनी हे पत्र सर्वांत आधी मागवावे. बाकीची कामे त्यादरम्यान होतात.

जानेवारीत विवाहपूर्व शिबिर झाले. शनिवार-रविवार, दोन्ही दिवस पूर्ण, दोघांचे मिळून ₹२,०००, जेवणासह. मला वाटले होते तेथे मला कॅथलिक शिकवण ऐकवतील. प्रत्यक्षात पैशांचे नियोजन, भांडण कसे करावे, सासरमाहेर, नैसर्गिक कुटुंबनियोजन अशी सत्रे होती आणि श्रद्धेवरचे सत्र त्यांतले एक. एका डॉक्टर दांपत्याचे सत्र उत्तम होते, दुपारच्या जेवणानंतरचे एक सत्र कंटाळवाणे. त्याच महिन्यात १८ ते २५ जानेवारीचा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह होता, तेव्हा आम्ही दोघे एका संयुक्त प्रार्थनेला गेलो. परवानगीच्या अर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्यानंतर चौकशी झाली. फादर दोघांना वेगवेगळे बोलावतात आणि बायबलवर हात ठेवून शपथेवर उत्तरे घेतात. स्वखुशीने करत आहात का, कोणाचा दबाव आहे का, आधी कोठेही, कोर्टातसुद्धा, लग्न केले होते का, हे बंधन आयुष्यभराचे आहे हे मान्य आहे का, एकनिष्ठ राहाल का, मुले होऊ देण्याची तयारी आहे का, जोडीदारापासून एखादा आजार किंवा कर्ज लपवले आहे का, लग्नाला काही अट घातली आहे का. आम्हा दोघांना लहानपणापासून ओळखणारे साक्षीदारही लागले. माझ्यासाठी नगरहून काका आले. मला या खोलीची भीती वाटत होती. प्रश्न सरळ होते आणि फादर उत्तरे स्वतःच्या हाताने सावकाश लिहून घेत होते, त्यामुळे बोलताना विचार करायला वेळ मिळत होता.

सगळी फाईल, परवानगी का मागत आहोत याच्या कारणासह, फादरांनी बिशप हाऊसला पाठवली. साधारण तीन आठवड्यांनी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या म्हणजे १४ फेब्रुवारीच्या थोडे आधी, क्रमांक घातलेले परवानगीचे पत्र आले. ते एका पानाचे असते. त्याची प्रत जरूर मागून घ्यावी. उपवासकाळात त्या पॅरिशमध्ये लग्ने लावत नाहीत, त्यामुळे ईस्टर ३१ मार्चला झाल्यावर ७, १४ आणि २१ एप्रिल या रविवारी लग्नाच्या घोषणा वाचल्या गेल्या, वसईतही आणि नगरमध्येही.

लग्न ४ मे रोजी झाले. मिस्साबलिदान न ठेवता वचनविधीत, म्हणजे बायबलवाचन आणि प्रार्थनेच्या विधीत, लग्न लावायचे, असे आम्ही फादरांशी बोलून ठरवले होते. मिस्सा ठेवली असती तर कम्युनियनच्या वेळी त्याचे नातेवाईक रांगेत गेले असते आणि नवरीसह अर्धे चर्च बाकावर बसून राहिले असते. कॅथलिक चर्च सर्वसाधारणपणे प्रोटेस्टंटांना कम्युनियन देत नाही. हे मला आजही सलते, पण लग्नाच्या दिवशी ते दोनशे माणसांपुढे मांडण्याची गरज नव्हती. पाळकसाहेबांनी पहिले वाचन केले आणि शेवटी प्रार्थना केली. संमती फादरांनी घेतली. ना. वा. टिळकांची गीते वसईच्या गायकवृंदाने आमच्या चालीत बसवून घेतली होती. कायद्याच्या दृष्टीने हे लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाखाली येते. त्यात लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत लावायचे असा नियम आहे, म्हणून साडेचारच्या लग्नाला उशीर होऊ लागला तेव्हा सर्वांत अस्वस्थ वकील असलेले मामा होते. नगरचे दोन शिक्षक काका येऊ शकले नाहीत. १३ मेच्या लोकसभा मतदानाचे प्रशिक्षण नेमके त्याच दिवशी आले. विधी संपताच आम्ही, दोन साक्षीदारांनी आणि फादरांनी नोंदवहीत सह्या केल्या. त्या नोंदींचे विवरण चर्चकडून दर तिमाहीला शासनाच्या निबंधकांकडे जाते.

१८ मे रोजी नगरला उपकारस्तुतीची उपासना झाली. शपथा नाहीत, अंगठ्या नाहीत. प्रार्थना, गीते, पाळकसाहेबांचा संदेश आणि जेवण. ज्या ज्येष्ठांनी वचन दाखवले होते, तेही आले आणि त्यांनी प्रार्थनाही केली, थोडी लांब.

दाखले, कुरिअर, शिबिर, चर्चची देणगी आणि कामासाठीचा प्रवास असा सगळा मिळून खर्च दहा हजारांच्या आत बसला. लग्नाच्या फुलांना याहून जास्त लागले.

रविवारची घडी लागायला थोडा काळ गेला. मी आधी सुचवले होते की एक रविवार तुझ्या चर्चला, एक माझ्या. ते त्याला करता येत नाही, कारण कॅथलिकांना प्रत्येक रविवारी मिस्साला जाणे बंधनकारक असते. पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी, आमच्याकडे प्रभुभोजन असते तेव्हा, तो शनिवारी मिस्सा करून घेतो आणि सकाळी माझ्याबरोबर येतो. प्रभुभोजनाच्या वेळी तो बाकावर बसतो. इतर रविवारी मी त्याच्या शेजारी बसते. सध्या आमची चर्चा त्याच्या आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सावर चालू आहे: आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, आणि पत्रिकेवर ‘आत्म्याच्या शांतीसाठी’ असे छापायचे की ‘कृतज्ञ स्मरणार्थ’, हे सासूबाई पुढच्या आठवड्यात फादरांना विचारणार आहेत.